कुंकू लागलेला चाकू

आधी आक्कांचं सांगतो, मग माझ्या फजितीचं. केदारखेड्याजवळ ज्या शेतकऱ्याच्या घरी मी गडी म्हणून राहिलो, त्यांची ही थोरली बहीण. आज मी जालन्यात आडतीच्या दुकानी कामाला आहे, दोन वेळा जेवतो, तोंड पाडून कोकणात परत गेलो नाही, ते त्यांच्यामुळं.

परत जाण्याची मला फार धास्ती. शाळा अर्धवट सोडताना "मोगलाईत जाऊन नाव काढतो" असं मी ओरडून सांगितलं होतं आणि शेजाऱ्यांनीही ते ऐकलं होतं. माझी सगळी इस्टेट म्हणजे एका खलाशाकडून घेतलेला विलायती चाकू. त्यात पातं, चिमुकली कात्री, बाटलीचं बूच काढायचा पिळाचा खिळा आणि घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा. घोडा मी कधी पाळला नव्हता, आणि बुचाच्या बाटलीचं आमच्या घरात नावही काढता येत नव्हतं. तरी संध्याकाळी ओट्यावर सगळं उघडून बसायचो, कुणीतरी विचारावं म्हणून.

शेवटी मालकांनी, म्हणजे दादांनी, विचारलं. "ह्यानं कांदा चिरतो का?"

"चिरतो की."

"मंग बाकीचं कशाला?"

दादांचा चाकू गावच्या लोहारानं केलेला. एकच काळं पातं, शिंगाची मूठ, मिटताना टक् वाजायचा. मला त्याची कीव यायची.

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन देव्हाऱ्यापुढं मांडली. विळे, कुऱ्हाड, दादांचा चाकू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मीही ऐटीत माझा चाकू पुढं केला.

"राहू दे खिशात," आक्का म्हणाल्या. "खेळण्याची पूजा न्हाई करत रं."

मी रुसून गोठ्यात गेलो. दादा बाहेर गेले होते. एक बैल उन्हात होता, त्याला सावलीत आणला आणि आमच्याकडं होडी बांधतात तशी गाठ गळ्यात आणि खुंट्यावर मारून बांधला. ती गाठ ओढली की आवळते. होडीला गळा नसतो, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

बैल कशाला तरी बुजला, हिसका देऊन खुंट्याभोवती फिरला, आणि बघता बघता त्याची जीभ बाहेर. मी चाकू काढला. आधी उघडली कात्री. मग बुचाचा खिळा. मग आकडा. पात्याच्या खाचेत नख बसेना, बसलं तर नखच मोडलं. बैल गेला, की त्याच्यामागं आपणही कोकणात गेलो, एवढंच डोक्यात.

"काय करून राह्यलास? दुकान मांडलं का?" आक्का ओरडल्या, धावत आत गेल्या आणि पूजेतला चाकू घेऊन आल्या. मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली. अंबाडीचं दावं एका ओढीत तुटलं. बैल खोकला आणि माझ्याकडं असा बघत राहिला, की मीच मान खाली घातली.

तेवढ्यात दादा आले. "ह्याला कोण बांधलं?"

माझं तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "मी. पूजाबी मीच मोडली. बोल काय बोलायचं ते."

दादांनी खुंट्यावरची गाठ निरखली, मग मला. "आक्का, असली गाठ कवापासून मारायलीस?"

"आजपासून."

दादा पाय धुवायला गेले. माझी नोकरी राहिली, आणि पुढं दादांच्याच ओळखीनं जालन्याच्या दुकानात लागलो.

विलायती चाकू मी एका गाडीवानाला दिला. तो आकड्यानं पाठ खाजवतो आणि खूश आहे. मी मात्र जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजारात जुने, एकपाती चाकू धुंडत फिरतो. कुठं शिंगाची मूठ, कुठं शिसवी. ट्रंकेत कपड्यांपेक्षा चाकू जास्त झालेत. दुकानातले विचारतात, "वाटमारी करतोस का रे?" मी एकेक मिटून टक् ऐकतो. एखादा नीट वाजला नाही तर झोप लागत नाही.

यातला सगळ्यात चांगला आक्कांना द्यायचा. चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून त्यांच्या पायाशी जमिनीवर ठेवीन. मग त्यांच्यादेखत तोच बैल न आवळणाऱ्या गाठीनं नीट बांधीन आणि ती गाठ दादांना दाखवीन. अजून ती मला पक्की येत नाही. आली, की जाणार.