तुंबलेला बर्नर

दूध उतू गेलं आणि गॅसची ज्योत पिवळी पडली. पातेल्यांची बुडं काळी होऊ लागली. सून म्हणाली, "आई, नवी शेगडी घेऊ. हिचं वय झालं."

"वय माझंही झालंय. मलाही बदलतेस का?"

मी पितळी बर्नर चिंचेच्या पाण्यात भिजवला आणि बांगडीतली सेफ्टीपिन काढून एकेक भोक मोकळं केलं. आत नुसती जळकी साय होती. माणसांचंही बरेचदा असंच असतं. बिघडलेलं काही नसतं, तुंबलेलं असतं.

बर्नर वाळवून बसवला, पेटवला. निळी ज्योत गोल उभी राहिली.

"अगंबाई! कसं केलंत? मला दाखवा ना."

"बघून येत नाही," म्हटलं आणि दुसरा बर्नर तिच्यापुढे सरकवला.