ताट धरणारीचं नाव

"ए खिचडीवाले, ताट सरळ धर. नारळ घरंगळून राहिला."

पंधरा ऑगस्टला, शाळेच्या मैदानात, सगळ्या गावादेखत शाळा समितीचे अध्यक्ष मला असं म्हणाले. माझ्या हातात सत्काराचं ताट होतं. त्यात दोन शाली, दोन नारळ, हळदीकुंकू. यंदाचे पदवीधर तीन आणि नारळ दोनच. तिसरी पदवीधर म्हणजे ताट धरून उभी असलेली मी.

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या बाजूला. मी गावातली नाही, शेजारच्या बंजारा तांड्यावरची. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते, भांडी घासते, व्हरांडा झाडते. गावात जो कोणी पदवी घेईल त्याचं नाव त्या व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहायची चाल आहे. पंधरा ऑगस्टला सत्कार, दुसऱ्या दिवशी पेंटर. भिंत अर्धी भरली, पण तांड्यावरचं एक नाव नाही. रोज झाडता झाडता वाचून ती सगळी नावं मला पाठ झालीत. कुठल्याही पोराला विचारा, त्याच्या खिचडीवालीइतकी ती भिंत कुणी वाचली नसेल.

बारावी झाली आणि माझं लग्न लावून दिलं. नवरा वारंगा फाट्यावर ट्रकांचे पंक्चर काढतो. कॉलेज कळमनुरीला. घर, लेकरं, खिचडी सोडून रोज कळमनुरीला मला कोण पाठवणार? म्हणून मी ऑनलाइन बी.ए. घेतलं. दुपारी भांडी झाली की धान्याच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसायचं, मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवायचा आणि ऐकायचं. रेंज गेली की शिकवणाऱ्या मॅडम तोंड उघडं ठेवून तशाच थांबायच्या. मग परत पहिल्यापासून. डोकं फिरायचं माझं. कित्येकदा मोबाईल चुलीत घालावा वाटला.

परीक्षेची तर आणखीच तऱ्हा. कॅमेरा चालू. मान वळवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, खोलीत दुसरं माणूस दिसायला नको. शेवटच्या वर्षी इतिहासाचा पेपर घरी बसून देत होते. लेकरं सांभाळायला आलेली माझी याडी, म्हणजे आई, तांब्याभर पाणी घेऊन आत आली. आमच्यात कामाला बसलेल्या माणसाला न मागता पाणी द्यायचं असतं. तिनं तांब्या पुढं केला आणि पदरानं माझं कपाळ पुसलं. मोबाईलवर लाल अक्षरं आली. पेपर बंद.

सहा महिने वाया गेले. रागाच्या भरात मी याडीला नको नको ते बोलले. दुसऱ्या वेळी ती काठी घेऊन दाराबाहेर बसली. कोंबडीला आत येऊ दिलं नाही. पेपर संपेपर्यंत तिनं स्वतःही पाण्याला तोंड लावलं नाही.

पास झाले. प्रमाणपत्र घेऊन हेडमास्तरांकडं गेले. त्यांनी ते उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली. म्हणाले, "ऑनलाइन आहे ना हे? अध्यक्षांच्या कानावर घालतो."

ते कानावर घालणं मला त्या दिवशी मैदानात दिसलं. दोघांचे सत्कार झाले. हेडमास्तर अध्यक्षांच्या कानाशी वाकले, माझ्याकडं बोट केलं. अध्यक्षांनी माईक घेतला.

"मोबाईलवरच्या डिग्र्यांचे सत्कार करत बसलो, तर उद्या शेरडं राखणारे बी भिंतीवर चढतील. खिचडीवालीनं आपली खिचडी बघावी."

लोक हसले. तांड्यावरचेही दोघंतिघं हसले.

मीही हसले.

हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. ताट धरून मी हसले. मालक हसले की आपण हसायचं, ही सवय अंगात मुरलेली. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

तोंड लपवायला जागा नव्हती म्हणून भिंतीकडं बघितलं. शेवटून तिसरं नाव अध्यक्षांच्या पुतण्याचं. लॉकडाऊनमधला पदवीधर. त्याची परीक्षा झाली तेव्हा सोयाबीनचे दिवस होते आणि मी त्यांच्या घरी सोयाबीन निवडायला होते. त्याची परीक्षासुद्धा मोबाईलवरच. समोर गाईड उघडं, दोन दोस्त उत्तरं शोधून देतायत, आणि मधे मालकीणबाईंनी चहा पाठवलेला. तो चहा मीच नेऊन दिला होता. तिथं लाल अक्षरं आली नाहीत.

मी ताट टेबलावर ठेवलं. आदळलं म्हणा.

"मालक, तुमच्या पुतण्याची परीक्षा कशावर झाली?"

पुतण्या पहिल्या रांगेत होता. तो मोबाईलात बघत बसला.

"ते येगळं," अध्यक्ष म्हणाले.

"काहून येगळं? चहा म्या नेऊन दिलता."

"तुला काम पायजे का न्हाई?"

खोटं कशाला बोलू.

"पायजे. नाव बी पायजे. न्हाई म्हणायचं आसंल, तर काहून न्हाई ते लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. पेंटर आला, दोन नावं लिहून गेला. त्याच्या रंगाचे थेंब फरशीवर पडले होते, ते मीच खरवडून काढले.

त्यानंतरच्या सोमवारी मी अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, एका पानाचा. हेडमास्तर म्हणाले, "ठेव इथं, पोच कशाला पाहिजे?" मी दारातच बसले. बारा वाजले, पोरं ताटल्या वाजवायला लागली, मग शिक्का मारून पोच मिळाली. आता दर सोमवारी एक अर्ज. खिचडी वेळेत होते, अर्जही वेळेत जातो. उत्तर एकाचंही नाही.

नवरा म्हणतो, "हातचं काम घालवून बसशील." घालवीनही. अध्यक्षांनी खिचडीसाठी दुसरी बाई बघायला सांगितलंय, असं कानावर आलंय. बघू द्या. खिचडी बंद झाली म्हणून सोमवार बंद होणार नाहीत.

माझं नाव मी इथं मुद्दाम सांगितलेलं नाही. ते त्या भिंतीवर वाचायचं. माझं नाव लिहा, नाहीतर कारण लिहा. दोन्हीपैकी एक त्यांच्या हातानं लिहून घेतल्याशिवाय मी त्या दारातून उठणार नाही. आणि पुढच्या पंधरा ऑगस्टला ताट त्यांचं त्यांनी धरावं.