साडूंच्या बापाचा मॉनिटर

आर्णीत वस्तूला मरण नाही. आणि एखादी मेलीच, तर माझे साडू तिला सुखानं मेलेली राहू देत नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. आमच्या लग्नात त्यांनी फुटलेल्या कुकरचा टेबललॅम्प करून दिला. गेली वीस वर्षं मी त्याच्या उजेडात मुलांचे पेपर तपासतो आहे, आणि त्याला शिट्टी बसवता आली नाही ही साडूंची खंत अजून गेलेली नाही. त्यांच्या घरी कूलरच्या मोटरीवर ताक घुसळतं आणि पाहुणा मोपेडच्या सीटवर बसतो. एकदा मी माझी मोडकी छत्री त्यांच्याकडच्या कचऱ्यात गुपचूप टाकून आलो, तर पुढच्या खेपेला तिच्या काड्यांवर सांडग्या मिरच्या वाळत होत्या. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "फेकाचं असन तं मले फेका, गुरुजी. वस्तू नोका फेकू."

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र होतं. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळी बोंडात शिरायची आणि शेतकरी फॉर्मात. नुकसानीचा फॉर्म, कापूस विकायच्या नोंदणीचा फॉर्म, आणि आधीच्या फॉर्ममधली चूक दुरुस्त करण्याचा फॉर्म. अशा ऐन गर्दीत साडूंच्या मॉनिटरमधून धूर निघाला. दुसऱ्या कुणीही नवा आणला असता. साडूंनी माळ्यावरून पोरीचा लॅपटॉप काढला. पोरगी शिकायला पुण्याला आणि तिचा हा जुना लॅपटॉप वीज कमीजास्त होऊन जळालेला, पण पडदा शाबूत होता. तो पडदा संगणकाला जोडायला मध्ये एक छोटं कार्ड लागतं, आणि ते पडद्याच्या पाठीवरचा नंबर पाहून मागवायचं असतं. साडूंनी मागवलं लॅपटॉपच्या कंपनीचं नाव सांगून, म्हणजे नवरी न पाहता नुसत्या घराण्यावर सोयरीक ठरवावी तसं. जोडलं, तर पडदा नुसता पांढराफेक. "कापूस फुटला," साडू म्हणाले. त्या हंगामात तालुक्यात तेवढंच पांढरं दिसलं.

दुसरं कार्ड येईपर्यंत गप्प बसतील तर ते साडू कसले. पडदा उघडावाघडा, त्याला चौकट हवी. घरभर टेप फिरवल्यावर त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं त्यांच्या वडिलांचा फोटो होता. पुसदच्या स्टुडिओत, रंगवलेल्या तळ्याकाठी खुर्चीवर बसून काढलेला, मोठा, आडवा. शर्टाचं वरचं बटण चुकल्यानं खालची सगळी चुकलेली. चौकट आणि पडदा, मापात सुताचा फरक नाही. म्हातारी आई आठ दिवस पुसदला लेकीकडे गेलेली. साडूंनी फोटो बाहेर ओढला. इतक्या वर्षांच्या ओलीनं तो काचेला चिकटला होता. फोटो हातात आला आणि वडिलांचं तोंड काचेवर राहिलं.

वडिलांचा तेवढा एकच फोटो होता. आई रोज सकाळी त्याच्या कपाळावर गंध लावायची आणि मगच चहा प्यायची. ती बुधवारी परत येणार होती. रविवारी साडूंचा फोन आला, "गुरुजी, येता का?" एवढंच. या माणसाला इतकं थोडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून यवतमाळहून तसाच निघालो.

मी पोचेपर्यंत पोरीनं पुण्याहून कळवलं होतं, की तिनं तो फोटो कधीतरी स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवल्यासारखं आठवतं. लॅपटॉपची हार्ड डिस्क साडूंकडे अर्थातच होती, साबणाच्या डबीत, वायरसकट. फक्त पाहायला पडदा नव्हता. मी म्हटलं, "मग द्या ती इकडे. यवतमाळात कुठल्याही दुकानात पाच मिनिटांत छापून मिळेल."

"बाप आपला, अन् पाहाचा दुसऱ्याच्या पडद्यावर?" साडू म्हणाले. मी हसलो. मग डबी दोन्ही हातांत धरून ते हळूच म्हणाले, "अन् त्याच्यात नसनच तं? नसन, तं ते मले चार लोकाइत नाही समजलं पाहिजे." मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली. नंतर बुधवारचीही टाकली.

कार्ड बुधवारी सकाळी आलं. पडदा वडिलांच्या चौकटीत बसवून तयारच होता. साडूंनी वायरी जोडल्या, डबी लावली आणि पोरगी फोनवर सांगेल तशी एकेक फोल्डर उघडत गेले. शेवटी तळं दिसलं, मग खुर्ची, मग चुकलेली बटणं. साडूंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मग त्याच दुपट्ट्यानं पडदाही पुसला. छापायला निघणार, तोच दारात आई उभी. पुसदची गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.

ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिली, मग टेबलाकडे. साडूंनी सगळं खरं सांगितलं, अगदी काचेवर राहिलेल्या तोंडासकट. ती जवळ गेली, वाकून वाकून पाहिलं. "बटन चुकलेलंच हाये," ती म्हणाली, "म्हंजे थोच हाये." मग देवघरातून लाल गंध आणून तिनं पडद्यावर टिळा लावला आणि चहा मागितला.

संध्याकाळी मात्र ती पुन्हा आली. "हे असंच चालू ठेवतं का रातभर?"

"राहू दे ना मा, चांगलं दिसून राह्यलं."

"इझव. जलमभर डुकराइच्या मांगं वावरात जागली केली तुह्या बापानं. आतातरी झोपू दे त्याले."

तेव्हापासून वडील पडद्यावर कायमचे, कामं त्यांच्यावरच उघडायची, आणि सातच्या ठोक्याला केंद्र बंद. बाहेर रांग असली तरी बंद. टिळ्याला मात्र सुट्टी नव्हती. आता फॉर्ममध्ये जिथं लाल खूण, तो रकाना भरणं सक्तीचं असतं. एकदा मुकुटबनहून आलेल्या एका मिशाळ गृहस्थाचा 'पतीचे नाव' हा रकाना नेमका टिळ्याखाली आला. ते भरल्याशिवाय फॉर्म जाणार नाही या भीतीनं त्यांनी अर्धा तास साडूंशी हुज्जत घातली. साडूंनी सगळं समजावलं, पण टिळा काही पुसला नाही.

आता आई नाही. लोक फॉर्म मोबाइलवर भरतात. पडद्यावर तीन उभ्या रेघा आल्या आहेत, त्यातली एक वडिलांच्या कानातून जाते. मागच्या महिन्यात मी शाळेनं बदललेला एक चांगला मॉनिटर त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो आनंदानं घेतला आणि दुसऱ्या टेबलावर ठेवला. सात वाजले. खोलीत गिऱ्हाईक कुणी नव्हतं, तरी साडू उठले, उघडी होती ती सगळी कामं मिटली आणि वडील दिसल्यावर क्षणभर थांबले. टिळा ताजा होता. आता तो कोण लावतं, हे मी विचारलं नाही.

"बटन तुम्ही दाबता का आज?" त्यांनी विचारलं.

दहा वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत सांगून लोकांना हसवत आलो आहे. त्या दिवशी मी चपला बाहेर काढून आलो आणि आवाज होणार नाही इतक्या हळू ते बटण दाबलं.