प्रत्येक प्याद्याला बोट

कोल्हारच्या स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ रोज मोबाईलविरुद्ध बुद्धिबळ खेळायचे आणि रोज हरायचे. मोबाईलच्या आणि स्वतःच्या चाली लावायला बाकावर लाकडी पट मांडलेला असे. चालीआधी ते आपल्या प्रत्येक मोहऱ्याला बोट लावून विचार करत, अगदी अडकलेल्या प्याद्यालाही.

मी एकदा शहाणपणा केला. "काका, मोबाईलसुद्धा सगळ्या चाली बघत नाही. फालतू वाटतात त्या सोडतो, उरलेल्याच खोलवर तपासतो. म्हणून जिंकतो."

"ठावं हाय. मी बी तसंच करायचो," ते म्हणाले. "बायको म्हनली, छातीत दुखतंय. मी म्हनलं, पित्त असंल. दुसरं काई बघितलंच न्हाई. दवाखान्यात नेईस्तोवर गेली."

डाव केव्हाच हातचा गेला होता. त्यांनी पुन्हा पहिल्या प्याद्याला बोट लावलं.