पुढच्या रांगेतले सात रुमाल

"रुमाल पडला, जागा आपली!" असं ओरडत तो माणूस एसटीच्या बरोबरीने धावायचा. गाडी फलाटाला लागायच्या आत, अजून ती रिव्हर्समध्ये असतानाच, त्याचा हात खिडकीतून आत गेलेला असायचा. मग दाराशी जी झोंबाझोंबी चालते, ती तो कमरेवर हात ठेवून पाहत उभा राहायचा. ती संपली की मागे राहिलेल्या एखाद्या म्हातारीला म्हणायचा, "जावा आज्जी, निवांत जावा. निळा रुमाल बगा, तिसरी खिडकी."

खिडकीतून रुमाल टाकणारे लोक तुमच्याही स्टँडवर असतील. पण ते स्वतःसाठी टाकतात. हा गृहस्थ कधी कुठे जातच नसे. जुन्नरच्या स्टँडसमोर त्याची टपरी होती. बॅगांच्या चेन, छत्र्या, कुलपं, जे अडेल ते तो दुरुस्त करायचा. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, हातात पक्कड आणि कान मात्र गाडीच्या हॉर्नकडे. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. खिशात सात रुमाल असायचे, सगळे वेगवेगळ्या रंगांचे आणि घरी धुऊन इस्त्री केलेले.

मी ओतूरच्या कॉलेजात शिकवतो आणि जुन्नरहून रोज एसटीने जातो. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी दाराच्या गर्दीत कोपरं खात होतो, तेव्हा कोणीतरी मागून माझी पिशवी ओढली. मला वाटलं, चोर. मागे वळलो तर हा. "सर, खिडकी. पिवळा रुमाल." मी विचारलं, "माझ्यासाठी का?" तर म्हणाला, "दिवसभर पोरांपुढं उभं ऱ्हायचं काम तुमचं. जाताना तरी बसा की राव."

त्या दिवसापासून अकरा वर्षं मी बसून गेलो. त्याला त्याबद्दल मी काय दिलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एकदा एका चहाचं नाव काढलं तर म्हणाला, "गाडी सुटल सर, चढा आधी."

एकदा एका धट्ट्याकट्ट्या माणसाने रुमाल खाली टाकला आणि जागेवर ठाण मांडलं. आम्हाला वाटलं, आता जुंपणार. चाचा आत चढला, रुमाल उचलून झटकला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बसा भाऊ, बसा. बसायलाच असती जागा. फक्त येवढं सांगा, ह्या आज्जीला कुठं बसवू?" तो माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. चाचाने पुन्हा विचारलं. कंडक्टरने घंटी मारली तरी हा खाली उतरेना. सगळी गाडी त्या माणसाकडे बघायला लागली तेव्हा कुठे तो उठला. चाचा म्हणाला, "लई मोठं मन तुमचं," आणि खाली उतरला.

त्याची मुलगी कळंबला दिली होती. तिच्या घरी जायला म्हणून तो एकदाच गाडीत बसलेला मी पाहिला. बसलेला म्हणजे काय, नारायणगाव यायच्या आत त्याने जागा दोनदा दुसऱ्यांना दिली आणि कळंबपर्यंत उभ्यानेच गेला. परत आल्यावर वर मलाच सांगतो, "लई आरामात गेलो सर."

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की जागा ही त्याच्या दृष्टीने काय वस्तू होती हे तुम्हाला कळावं. ज्याला गरज त्याची जागा, आणि रुमाल ही तिची पावती. याच्यापलीकडे जगात जागा वाटायची आणखी काही पद्धत असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे मोठी शोभायात्रा निघाली. निमंत्रणपत्रिकेवर तिला 'कार्निव्हल' म्हटलं होतं. चित्ररथ, ढोल-ताशे, लेझीम, सजवलेले बैल, उंच काठ्यांवर चालणारे विदूषक असा थाट होता. मला चित्ररथांच्या आणि नाचाच्या पथकांच्या स्पर्धेचा परीक्षक केलं होतं. गळ्यात पास, छातीवर बिल्ला, डोक्यावर गुलाबी फेटा. व्हीआयपी मंडपात मऊ सोफे, प्रत्येक सोफ्याच्या पाठीवर नाव लिहिलेला कागद. समोर काचेच्या बशीत द्राक्षं, काजू, बदाम. दर दहा मिनिटांनी कोणीतरी वाकून विचारायचं, "सर, काही हवं का?" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी फेट्यासकट फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला आणि कोण काय म्हणतंय ते बघत बसलो.

मान वर केली आणि माझ्याच रांगेत, पलीकडच्या टोकाला, मला सात रुमाल दिसले. निळा, पिवळा, चौकटीचा, गुलाबाचं फूल असलेला. सोफ्यांवर ओळीने मांडलेले. पाठीवरचे नावांचे कागद नीट घडी करून फुलदाणीखाली ठेवले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मला आधी धक्का बसला आणि मग हसू फुटलं.

तो आत कसा आला ते नंतर कळलं. सोफ्याच्या कव्हरांच्या चेन अडकत होत्या म्हणून मंडपवाल्याने त्याला सकाळी बोलावलं होतं. चेन दुरुस्त झाल्या, आणि समोर इतक्या मोकळ्या जागा. त्याने रुमाल टाकले.

थोड्या वेळाने तो आला तो सात बायकांना घेऊन. डोंगराकडच्या गावांतून पहाटेच्या गाडीने आलेल्या, एकमेकींचे हात घट्ट धरलेल्या. त्यांच्या मुली आश्रमशाळेच्या नाचाच्या पथकात होत्या. स्टँडवर त्यांनी चाचाला विचारलं होतं की आमच्या पोरी आम्हाला दिसतील का, आणि चाचाने सांगितलं होतं, "अगदी म्होरं बसवतो. तुमच्या पोरीला सांगून ठेवा, म्होरच्या रांगंत बघ म्हणावं." त्या बायका सोफ्याच्या कडेवर टेकल्या. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने बसण्याआधी चपला काढल्या आणि कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या.

"ए, कोण बसलंय इथं?" एक स्वयंसेवक धावत आला. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी आल्या होत्या आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ही जागा पाहुण्यांची आहे."

"पावणंच हायेत की ह्या," चाचा हसून म्हणाला. "ह्यांच्या पोरी नाचणार हायेत. आन् रुमाल हाय आपला, सकाळपासून."

स्वयंसेवकाने गुलाबाचा रुमाल दोन बोटांनी उचलला आणि बांबूच्या कठड्यापलीकडे फेकला. बायका उभ्या राहिल्या. त्याने चाचाला नाव विचारलं. चाचाने सांगितलं. नाव ऐकल्यावर त्या स्वयंसेवकाचा आवाज एकदम चढला. "कुणाच्या ओळखीनं घुसलास आत? काय करायचं होतं इथं?" आणखी दोघे आले. एकाने त्याची कॉलर धरली.

चाचा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याची नजर माझ्यावरून एकदा पुढे गेली, मग परत आली, फेट्याखालचा मी त्याला सापडलो. त्याचा चेहरा उजळला, अगदी उजळला. "हे काय, आमचे सरच बसल्यात! सर, सांगा ना ह्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंसेवकाने विचारलं, "सर, तुमच्या ओळखीचा आहे का हा?"

मी म्हणालो, "नाही."

विचार करून म्हणालो नाही. कोणी मला धमकी दिली नव्हती, माझं काही जाणार नव्हतं. माझ्या हातात द्राक्षांची बशी होती. फेटा होता, पास होता, मागच्या रांगेत प्राचार्य होते. तोंडातून 'नाही' गेलं, आणि ते पुरेसं ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, मी वर म्हणालो, "मी नाही ओळखत." आजही तो आवाज आठवला की मला वाटतं, हा दुसऱ्याच कोणाचा तरी असेल. पण तो माझाच होता.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. एकाने त्याच्या कानाखाली मारली. टोपी पडली. ती उचलायला तो वाकला तेव्हा दुसऱ्याने ढकललं. माझ्याकडे चाचाने पुन्हा पाहिलं नाही. त्याने टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि बायकांना म्हणाला, "चला मावश्यांनो, तिकडून जास्ती चांगलं दिसतं." म्हातारी चपला घ्यायला परत आली, तेव्हा एकाने त्या पायाने तिच्याकडे सरकवल्या. फाटकापाशी त्याला पोलिसांच्या जीपमध्ये बसवताना मी पाहिलं. बाहेर सगळं गाव उभं होतं.

मी उठलो नाही. एवढं होऊनही मी उठलो नाही, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का आहे.

तासाभराने आश्रमशाळेचं पथक आलं. मुली झकास नाचत होत्या. मंडपासमोर आल्यावर सात-आठ मुलींच्या माना आमच्या रांगेकडे वळल्या. पाय तालात पडत होते आणि डोळे सोफ्यांवरून एकेक माणूस तपासत चालले होते. माझ्यावरूनही ते गेले. मी त्यांना दहापैकी नऊ गुण दिले.

नंतर तीन दिवस मी स्टँडवर गेलो नाही. एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कॉलेजला जात राहिलो. चौथ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या घरी गेलो. पेढे कशाला घेतले ते विचारू नका. मोकळ्या हाताने जायची हिंमत नव्हती. रस्त्याने वाक्यं जुळवत गेलो होतो. शिकवणाऱ्या माणसाला वाक्यांची कमतरता नसते.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मला बघितलं आणि तिने पदर डोळ्यांना लावला. "या सर, या. तुमी व्हता म्हणून. न्हाईतर ह्यांचं काय झालं असतं त्या दिवशी?"

मला काही कळेना. ती आतून चहा घेऊन आली आणि बोलतच राहिली. सर उठून आले, साहेबांना म्हणाले हा आमचा माणूस हाय, ह्याला हात लावायचा न्हाई, मग जीप पाठवून घरी सोडलं. शेजारचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले आणि माना डोलवू लागले. चाचा खाली बसून बशीतला चहा फुंकत होता. गाल अजून थोडा सुजलेला होता. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि तो बशीकडे.

निघताना तो गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी..."

त्याने हात वर केला. "सर, घरी कायतरी सांगाया पायजे व्हतं. सगळ्यांनी बघितलं मला जीपमधी. पोरगी कळंबवरनं फोन करून रडाया लागली." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचं नाव घेतलं. तुमाला न इचारता घेतलं. राग न्हाई ना आला?"

मी म्हणालो, "नाही."

तेवढंच म्हणालो. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. तो म्हणाला, "बरं झालं," आणि मागे फिरला.

त्यानंतर चाचा कधी गाडीमागे धावला नाही. हॉर्न वाजला तरी खाली मान घालून चेन ओढत बसायचा. लोक म्हणायचे, वय झालं. नमस्कार केला तर नमस्कार करायचा, "बरं हाय ना सर?" विचारायचा. मी रोज ठरवायचो की आज टपरीवर बसायचं, सगळं सांगायचं, जमलं तर त्याच्या बायकोसमोर, त्या शेजाऱ्यांसमोर. रोज गाडी यायची आणि मी गाडीत चढायचो. असे आठ महिने गेले. मग एका सकाळी टपरी बंद दिसली. चहावाल्याने सांगितलं, पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.

दफन झाल्यावर मी कब्रस्तानाच्या बाहेर चपला घालत होतो. कळंबचा जावई मला शोधत आला आणि मोठ्याने म्हणाला, "हेच ते सर." दहा-बारा माणसं माझ्याभोवती गोळा झाली. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती. चाचाचा थोरला भाऊ काठी टेकत पुढे आला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. काठी जावयाच्या हातात देऊन त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"लई सांगायचा तुमचं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर उठून उभं ऱ्हायले म्हणायचा. आजकाल कोण उभं ऱ्हातं आमच्यासाठी? तुमच्यासारखी माणसं हायेत, म्हणून ह्या गावात ऱ्हाऊ वाटतं."

तो माझे हात सोडत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."