विसण घालणारी कृष्णा

लिही संस्कृती. आमच्या कृष्णाचं लिही. मी सांगते तसंच लिही, मधी तुमच्या शाळेचं काय घालू नको.

चिकलठाण्यात आमच्या गल्लीत ज्या ज्या पोरांना आज मिशा फुटल्यात, त्यातल्या निम्म्यांना कृष्णानं न्हाऊ घातलंय. ती फर्दापूरची. सोळा वर्षांची असताना बन्सीची बायको होऊन आमच्या शेजारी आली. बन्सी कंपनीत व्हता, आता नाय राह्यला. बाळंतिणी अन् लेकरं न्हाऊ घालायचं काम तिच्या सासूचं, ते हिनं उचललं. पाय लांब करून बसते, लेकरू नडगीवर पालथं घेते, आधी तेल, मग बेसन-हळद. पाणी घेतलं की पहिलं कोपर बुडवून बघते. कोपराला चटका लागला तर विसण, म्हंजे थंड पाणी, घालते. परत कोपर. तवा कुठं लेकराच्या अंगावर तांब्या. तोंडानं चालूच: "हे पाणी पाठीला, हे पाणी पोटाला, मपल्या राणीच्या इवल्या बोटाला." रडणारं लेकरू पायावरच झोपी जातं, माय. मंजुषा, तुझी बहीण, तीबी तशीच झोपायची. तूबी.

तर हिला पिच्चरमधी घेतलं. शिवम म्हणून पोरगं हाय खालच्या आळीचं, हिच्याच पायावर न्हालेलं. नाटकाचं शिकलंय कुठं तरी. म्हणला, "मावशी, पिच्चर काढायचाय, हिरोइन तुम्ही." ती म्हणली, "अरं मुडद्या, मपले दात बघ आधी." पण गेली. सगळा पिच्चर तिच्याच दोन खोल्यांत, अकरा दिवसांत उरकला. पैसे कुठले त्या पोरांकडं? अंगणात थर्माकोलचा पत्रा धरून ऊन आत फेकायचे, तोच त्यांचा लाइट. वाफ दिसावी म्हणून माझा कुकर मागून नेला. कृष्णाला एक लुगडं दिलं अन् दोन वक्ताचं जेवण.

रविवारी अकराला शहरात एका हॉलात दाखवणार व्हते. आम्ही सात जणी दोन रिक्षांत कोंबून गेलो. नव्या साड्या नेसून. मी शेवंतीचा हार घेतलता, पिच्चर संपला की कृष्णाच्या गळ्यात घालायचा म्हणून. मंजुषा बाळंतीण, पोरगी आठ दिवसांची, म्हणून ती घरीच. आम्हाला वाटलं सासू-सुनेचा पिच्चर असंल, थोडं रडू, थोडं हसू.

काय सांगू तुला. पडद्यावर कृष्णा बसलेली, पाय लांब. पायावर गठुडं. त्याला तेल लावायली, न्हाऊ घालायली, कुंची घालायली. शेजारीण दारात आली की ओठावर बोट ठेवायची, "झोपलंय." अर्धा पिच्चर त्या गठुड्याचं तोंड दाखवत नायत. रडणं नाय, वरडणं नाय, नुस्ती हसायची. गल्लीतली एक म्हणली, "ही आपली मावशी नाय वाटायली." मग तिचा दीर येतो अन् फडकं ओढतो. आत वरवंटा. पाट्यावरचा वरवंटा, त्याला काजळाचं बोट लावलेलं, हिरवा खण गुंडाळलेला.

संस्कृती, बाकीच्या किंचाळल्या, मी त्या हिरव्या खणाकडंच बघत राह्यले.

पुढं अजून वाईट. शेजारणीचं खरं लेकरू रडतंय. ही जाते, त्याला उचलून आणते, त्याच्या पाळण्यात वरवंटा निजवते. लेकरू पायावर घेते. पातेल्यातून वाफ निघायली, माझ्याच कुकरची, मला ठाऊक हाय की. तरी मी खुर्ची घट्ट धरली. कारण कृष्णानं कोपर बुडवलं नाय. विसण घातलं नाय. तांब्या वर उचलला, आमच्याकडं बघून हसली, "हे पाणी पाठीला," अन् पडदा काळा. संपला पिच्चर.

लोक टाळ्या वाजवायलेत, शिवमला मिठ्या मारायलेत. कृष्णा आमच्या बाजूला बघत उभी, लेकराला बक्षीस भेटल्यावर उभं राहतं ना, तशी. आमच्यातली एकबी पुढं झाली नाय. हार माझ्या पिशवीतच राह्यला. येताना रिक्षावाल्याला दिला, गणपतीला घाल म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णा तेलाची वाटी घेऊन नेहमीसारखी दारात. रात्रीतून गल्लीभर झालं व्हतं. मंजुषानं लेकरू छातीशी दाबलं अन् आतूनच म्हणली, "आजी, त्या बाईला सांग, नको येऊ म्हणावं. तिचा हात मपल्या लेकराला लागता कामा नाय."

"अगं मंजे, तुलाबी मीच..." कृष्णा म्हणली.

"मावशी, तुम्ही तसं तोंड कसं केलं? ते आतमधी असल्याबिगर येतं का?"

कृष्णानं माझ्याकडं बघितलं. अन् मी, संस्कृती, हे नीट लिही, मी खाली बघितलं. एक शब्द बोलले नाय. ती गेली. गल्लीत आणखी दोन घरी बाळंतिणी व्हत्या, त्यांनीबी दारं लावली. ज्या हातानं पन्नास वर्षं लेकरं न्हाली, तो हात दोन दिवसांत वाईट झाला. ते हात बंद झाले तर ती बाई जगंल कशावर? अन् कशासाठी?

मी का गप बसले, ते सांगते. मला राग व्हता. मंजुषाला वाटला तसला नाय, दुसराच.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ, ती रिकामी वाटी पुढ्यात घेऊन बसलेली.

"कृष्णे," मी म्हणलं, "तू मला पडद्यावर बसवलं."

"तुमचं नाव घेतलं का मी अक्का? कुणी वळखलं?"

"मी वळखलं ना! हिरवा खणसुद्धा तोच?"

आता तूबी लिहिता लिहिता थांबू नको. तुझ्या बापाच्या आधी मला एक पोरगी झालती. दहाव्या दिवशी गेली. बारशाची तयारी झालेली. आपल्यात बारशाला आधी वरवंट्याला खणात गुंडाळून बाळासारखं पाळण्याखालून देतात, मग लेकरू. पोरगी गेली अन् तो गुंडाळलेला वरवंटा कोपऱ्यात तसाच. सगळे रानात गेले की मी त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. आधण उकळतं तसंच वतायची. त्याला कुठं भाजतंय? पाय मात्र माझे. ही नडगीवरची कातडी बघ, चकाकते ना? तुम्हाला सांगितलं भाताच्या पेजंनं भाजलं. पेज नव्हती ती.

कृष्णा तवा नवी नवरी. एका दिवशी भिंतीवरून बघितलं तिनं. वरडली नाय, कुणाला बोलवलं नाय. थंड पाण्याची कळशी घेऊन आली, माझ्याजवळ बसली, म्हणली, "अक्का, पाणी लई गरम हाय, थांबा, विसण घालते." पातेल्यात कोपर बुडवलं. मग म्हणली, "आता घाला." असं तिनं रोज केलं. किती दिवस, मला याद नाय. एका सकाळी मीच म्हणलं, "कृष्णे, हा वरवंटा हाय." ती म्हणली, "व्हय अक्का." अन् तो उचलून पाट्यावर ठेवला. पन्नास वर्षांत कुणाजवळ एक अक्षर नाय. मपल्या मालकालाबी कळलं नाय.

त्या दुपारी मी विचारलं, "मग आताच काहून गं?"

तिनं पदरानं वाटी पुसली. मग म्हणली, "शिवम म्हणला, लेकरू गेलेल्या बाईचं करायचं. मला दुसरं काय येतं? मी रोज सकाळी पोरांच्या कॅमेऱ्यापुढं बसले की एकच मनात आणायची. त्या दिवशी मी भिंतीवरून बघितलंच नसतं, तर अक्काचं काय झालं असतं? तेवढंच केलं. माझं मलाच भ्याव वाटलं. आठ दिवस जेवण गेलं नाय."

हॉलात बसले तवा वाटलं, हिनं मला उघडं केलं. ती तर आजूनबी माझ्यासाठी भेत व्हती.

घरी आले. मंजुषा लेकराला पाजवत व्हती. मी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं अन् नडगी दाखवली. सगळं सांगितलं. म्हणलं, "तुला त्या पिच्चरमधल्या येड्या बाईचं भ्याव वाटतं ना? ती मी हाय. तीन दिवस झाले, लेकरू तू माझ्याच मांडीवर देऊन आंघोळीला जातीस."

मंजुषानं लेकराला जवळ ओढलं, खोटं कशाला सांगू. ओढलं. ते माझ्या काळजाला लागलं. मग म्हणली, "आजी, तू मपल्या बापाला वाढवलंस. मला वाढवलंस."

"मला कुणी वाढवलं ते बघ," मी म्हणलं.

काल बाराव्या दिवशी सकाळी मंजुषानंच कृष्णाला बोलवलं. पण पूर्ण भरोसा अजून नव्हता तिचा, बाजूलाच बसली, डोळे त्या हातांवर. कृष्णानं पाय लांब केले, लेकरू घेतलं, पाण्यात कोपर बुडवलं. तिनं वर बघितलं अन् मंजुषाला दटावलं, "बघत काय बसलीस भवाने? गरम हाय. विसण घाल."

मंजुषानं तांब्या उचलला. थोडं पाणी कृष्णाच्या पायावर सांडलं.

दुपारी बारसं झालं. पाळण्याखालून वरवंटा मीच दिला, कृष्णानं घेतला. मपली पोरगी गेल्यापासून घरच्या कुठल्याच बारशाला वरवंटा घेऊ दिला नव्हता मी, आपल्यात चालत नाय म्हणून खोटंच सांगायची.

बाकीच्या दोन घरांची दारं अजून लावलेलीच हायत. म्हणून तुझ्याकडून हे लिहून घेतलं. आता हा कागद घे अन् त्या दोघींना वाचून दाखव. माझं नाव गाळू नको.