मशीनच्या आत भलतीच डिस्क

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सत्यशीलाची झोप उडाली ती तळहातावर मावेल एवढ्या वस्तूपायी.

परभणीच्या एका कॉलेजात ती संगणक विभागात लॅब असिस्टंट होती. सहा कॉम्प्युटर होते. एकाच कंपनीचे, एकाच टेम्पोतून उतरलेले, जुळ्या भावंडांसारखे. सकाळी कव्हरं काढून झटकायची, पोरांना फ्लॉप्या द्यायच्या, संध्याकाळी कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकायची, हे तिचं काम. ती किल्ली तिच्याकडं असणं काहींना खुपत होतं, हे तिला ठाऊक होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विषय तेव्हा पुन्हा तापायला लागला होता. ती स्टाफरूममध्ये शिरली की चाललेलं बोलणं मधेच तुटायचं आणि कोणीतरी उन्हाच्या तडाख्याबद्दल बोलायला लागायचं.

एप्रिलमध्ये एक मशीन बंद पडलं. विभागप्रमुख बन्सीधर सरांनी ते उघडलं. हार्ड डिस्क गेली असावी, शेजारच्या मशीनची लावून बघू, म्हणून घाईघाईत तेही उघडलं. बघतात तर आत भलतीच डिस्क. एकीवर सिंगापूर छापलेलं, दुसरीवर थायलंड. बनवणाऱ्यांची नावंही वेगळी. संस्थेचे सचिव माणिकराव नेमके दारात उभे होते.

"दोन्ही मशीनी एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी आल्या," ते म्हणाले. "मग आत अलग अलग माल कसा काय निघायलाय?"

माणिकरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"किल्ली कोणाकडं असती?"

सत्यशीलानं पर्स उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "माझ्याकडं. पण साहेब, मी आजवर एकही मशीन उघडलेलं नाही. बाकीच्या चार मशीनना कंपनीचं कागदी सील आहे. ती उघडून बघा ना."

"सील तोडलं तर कंपनी हात वर करंल. औरंगाबादचा इंजिनिअर येऊ द्या. तोवर तुम्ही लायब्ररीत बसा, मॅडम."

चोर असं कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती.

लायब्ररीत तिला बसवेना. खुर्ची ओढायची, पुस्तक उघडायची, पुन्हा उठून खिडकीशी जायची. खिडकीतून लॅबचं दार दिसायचं. त्या दुसऱ्या मशीनचं सील उघडण्याआधी शाबूत होतं का? ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करी. कधी वाटे होतं, कधी वाटे फाटलेलं होतं. आपणच तर काही विसरलो नाही ना, इथपर्यंत डोकं जाई.

घरी आई, लक्ष्मीबाई, तिचं न जेवणं बघत होती. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत या मायलेकींनी अंगावरच्या कपड्यानिशी गाव सोडलं होतं. तेव्हापासून आईचा एकच उपाय होता.

"गप बस बाई. कशाला त्यांच्या तोंडाला लागायलीस? लयच झालं तर दुसरीकडं बघू."

"आई, गप बसले तर मीच केलं असं होईल."

"आन् बोललीस तर?"

सत्यशीलानं ताट बाजूला सारलं. पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पॅसेंजरनं सेलूला गेली. तिथल्या एका संस्थेनं याच कंपनीचे कॉम्प्युटर घेतले होते. तिथले मुंजाजी सर तिच्या ट्रेनिंगच्या वेळचे. तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या मशीनच्या वॉरंटीची मुदत संपलेली होती, त्यामुळं त्यांनी लगेच पेचकस घेतला आणि दोन मशीन उघडून दाखवली. एकात सिंगापूरची डिस्क. दुसऱ्यात तिसऱ्याच बनावटीची.

"आमच्याकडं तर कोणाचं लक्षच गेलं नाही," मुंजाजी सर म्हणाले. "चालतंय ना, मग कशाला उघडायचं?"

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा होती, तरी ती दारापाशी उभी राहिली. स्टेशनवरून थेट माणिकरावांच्या केबिनमध्ये. त्यांनी ऐकून घेतलं आणि पानाची डबी उघडली.

"म्हणजे तिथंबी कोणीतरी हात मारला म्हणायचा."

ती बाहेर आली. त्या संध्याकाळी ती वसमत रस्त्यानं किती लांब चालत गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

आठवडा उलटल्यावर इंजिनिअर आला. सूर्यभान नाव, तिच्याच वयाचा. माणिकरावांचं म्हणणं ऐकून तो हसायला लागला. मग भिंतीशी उभ्या असलेल्या सत्यशीलाचा चेहरा त्यानं बघितला आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं उरलेली चारही मशीन सगळ्यांसमोर आणली, सील दाखवलं, फोडलं. दोनांत सिंगापूर, एकात थायलंड, एकात आणखी वेगळीच.

"साहेब, आमची कंपनी डिस्क बनवतच नाही," तो म्हणाला. "दोन-तीन कारखान्यांकडून घेते. क्षमता ठरलेली, जोडणी ठरलेली, त्यात बसली की झालं. एकाच्या भरवशावर राहिलं आणि त्याचा माल आला नाही, तर आमचं सगळं काम ठप्प. एसटीच्या डेपोत बघा. गाड्या सारख्या, टायर कुठं सारखे असतात?"

"असं होय," माणिकराव म्हणाले. "बरं, चहा सांगा रे."

लोक हलायला लागले.

"थांबा," सत्यशीला म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "साहेब, किल्ली कोणाकडं, हे तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं. आता हेही सगळ्यांसमोर सांगा."

बन्सीधर सर खाली बघायला लागले. माणिकरावांच्या कपाळावर आठी आली.

"मॅडमचा दोष नव्हता," ते अखेर खिडकीकडं बघत म्हणाले. "आमचा गैरसमज झाला."

ती घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. "काय झालं?"

सत्यशीलानं सांगितलं. लक्ष्मीबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, सगळ्यांदेखत म्हणले? खरंच म्हणले? मग त्या चुलीकडं वळल्या आणि त्यांनी भाकरी थापायला घेतली.

सत्यशीला पुढं वर्षभर त्याच कॉलेजात राहिली. जानेवारीत नामांतर झालं, त्या दिवशीही ती कामावर होती. मग हिंगोलीला बँकेत लागली. पण ती बेचैनी काही गेली नाही. आजही चार माणसं बोलता बोलता तिला बघून थांबली, की ती तिथून निघून जात नाही. खुर्ची ओढून त्यांच्यातच बसते आणि विचारते, "काय चाललंय? बोला की."